सातच्या आत एक मिनिट

लिहायला सुरुवात करण्याआधी माफी मागते. मी लेखिका नाही. आजवर परीक्षेतली उत्तरं आणि अर्ज, एवढंच मी लिहिलं आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे लिहिलेलं वाचून बरोबर की चूक हे सांगणारं घरी कोणी नाही. शिवाय ज्या सरांविषयी लिहायचं आहे ते चांगले धडधाकट आहेत, आणि माझा त्यांच्यावरचा राग अजून पूर्ण गेलेला नाही. राग असताना आपल्या शिक्षकांविषयी लिहावं का, असं मी मराठीच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "राग आहे म्हणजे आठवणी ताज्या असतील. लिही." म्हणून धीर केला. सरांचं नाव लिहीत नाही. कॉलेज पालघरचं, एवढं सांगितलं तरी पुरे.

सर पहिल्यांदा वर्गावर आले तेव्हा ते सर आहेत हे कोणाला कळलंच नाही. खांद्याला कापडी पिशवी, हातात लाल वायरबोर्ड आणि त्याची लांबलचक पिवळी वायर कोपरापासून अंगठ्यापर्यंत गुंडाळलेली. शिपाईमामांनी त्यांना दारातच सांगितलं, "तीन नंबरचा पंखा हाय. लय आवाज करतो." सरांनी एक बाक ओढला, त्यावर चढले, पंख्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "याला ऑइल लागेल." मग खाली उतरले, हात झटकले, फळ्यासमोर उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, की मी तुमचा इंग्रजीचा शिक्षक. अर्धा वर्ग हसला. मी हसले नाही, कारण मला ते इंग्रजी कळलंच नव्हतं.

आमचा वर्ग केटीवाल्यांचा होता. पहिल्या वर्षाला इंग्रजीचा 'कम्युनिकेशन स्किल्स' नावाचा पेपर असतो. त्यात राहिलं तरी दुसऱ्या वर्षाला बसता येतं, पण तो निघाल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नाही. असे आम्ही एकतीस जण होतो. आमच्यासाठी कॉलेजने आठवड्याला चार जादा तास ठेवले आणि ते घ्यायला हे सर तासिका तत्त्वावर नेमले. सर मराठवाड्याकडचे. आम्हा सगळ्यांना 'लेकरांनो' म्हणायचे, दाढीवाल्या पोरांनासुद्धा.

मी त्या पेपरात दोनदा राहिले होते. माझे वडील बोईसरच्या एमआयडीसीत एका कंपनीत ठेकेदाराकडे कामाला आहेत. ते फार बोलत नाहीत. त्या वर्षी एकदा जेवताना त्यांनी सांगितलं, "या टायमाला इंग्लिश निघाली तर शिक. नाय निघाली तर पॅकिंगला चल माज्यासंगं. ठेकेदाराला सांगून ठेवलाय." ते रागाने बोलले नव्हते. भाजी वाढ म्हणावं तसं म्हणाले. म्हणूनच मला जास्त भीती वाटली. पुढे मी सरांवर जी चिडचिड केली ती या एका वाक्यामुळे होती, हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

सरांनी दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर आमचा ग्रुप काढला आणि नियम सांगितला. रोज सकाळी सातच्या आत प्रत्येकाने एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज टाकायचा. इंग्रजीत. समोर जे दिसतं ते सांगायचं. कागदावर लिहून वाचायचं नाही. आणि एकदा टाकला की पुसायचा नाही. सुरुवात कशी करायची ते कोणाला सुचेना, म्हणून त्यांनीच करून दिली. "गुड मॉर्निंग सर, इन फ्रंट ऑफ मी... एवढं म्हणा आणि पुढं चालू लागा. चुकीचं बोला, पण पूर्ण बोला."

सांगायला सोपं होतं. आमच्या घरात फोन एकच, तो वडिलांचा. ते पहिल्या पाळीला सहाला निघतात आणि फोन घेऊन जातात. आमचा पाडा बोईसरच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. तिथे रेंज येते ती फक्त हापशाच्या चौथऱ्यावर. म्हणजे सहाच्या आत मी हापशावर पोचायला हवं, आणि त्याच वेळेला पाड्यातल्या सगळ्या बाया हंडे घेऊन तिथे. पहिल्या दिवशी मी फोन तोंडाजवळ धरून "गुड मॉर्निंग सर" म्हटलं आणि हापसा थांबला.

"कोणाशी बोलते गो ही?"

"मास्तरशी."

"येवढ्या सकाळी? त्याला बायको नाय काय?"

सगळ्या हसल्या. ते हसणं माझ्या मेसेजात जसंच्या तसं गेलं. पुसायचं तर नव्हतं. कॉलेजला येताना मैत्रिणीच्या फोनवर सरांचं उत्तर ऐकलं, तेही तीन मिनिटांचं. माझं काय काय चुकलं ते सगळं सांगून शेवटी म्हणाले, "तुझ्या मागं बायका हसतायत. का हसतायत? उद्या इंग्रजीत सांग."

दुसऱ्या दिवशी मी डोळे मिटून सांगितलं, "दे आर लाफिंग बिकॉज यू हॅव नो वाइफ."

सरांचं उत्तर आलं, "वाक्य बरोबर. माहिती चूक."

त्यांना बायको होती, गावी. आणि वर्गातल्या सगळ्यांनी हे ऐकलं, कारण सगळं ग्रुपवर चालायचं. महिनाभर पोरं मला 'माहिती चूक' म्हणत होती.

एकतीस मेसेज सर शेवटपर्यंत ऐकत. कधी पुढे ढकलत नसत. आम्ही त्यांची उत्तरं ऐकताना मात्र दुप्पट वेगाने लावायचो, तरी ती संपायची नाहीत. सर बोईसरला एका चाळीत राहत. खोलीत त्यांच्याबरोबर कंपनीत काम करणारे दोघे उत्तर प्रदेशचे भाऊ होते. सर आमची वाक्यं दुरुस्त करत असताना मागून आवाज यायचा, "मास्टरजी, चाय ठंडी हो रही है." सर म्हणायचे, "आता हेच वाक्य इंग्रजीत कोण सांगेल?" वैताग यायचा. माणसाने चहा प्यावा की नाही?

त्यांचं लक्ष आमच्या शब्दांपेक्षा मागच्या आवाजांवर असायचं असं मला वाटे. एकदा आठ जणांनी ठरवून दांडी गावच्या हर्षलकडून आपापले मेसेज बोलून घेतले. हर्षल आमच्यातला बोलका. घरची मासेमारीची बोट, मोठे भाऊ समुद्रावर, आणि हाही कॉलेज नसलं की त्यांच्याबरोबर. त्याने आठ वेगवेगळे आवाज काढले, एक तर मुलीचासुद्धा काढला, आणि नववा मेसेज त्याचा स्वतःचा. वर्गात सर म्हणाले, "आज नऊ जण एकदम दांडीच्या किनाऱ्यावर होते असं दिसतं. सगळ्यांच्या मागं एकच मावशी ओरडतेय. मला का नाही नेलं सहलीला?" सर चिडले नाहीत. त्यांनी पिशवीतून छोटा स्पीकर काढला, वायरबोर्ड मागच्या प्लगपासून फळ्यापर्यंत ओढला आणि त्या मावशीचा आवाज मोठ्याने लावला. मासळीच्या लिलावात ती कोणाला तरी झापत होती, "हात काढ, मेल्या! घ्यायचा नाय तर वास कशाला घेतो?"

"हे इंग्रजीत सांगा," सर म्हणाले.

पूर्ण तास त्यात गेला. 'मेल्या'ला काय म्हणायचं यावर भांडणं झाली. हर्षलने उठून मावशीसारखे हात कमरेवर ठेवून सगळं इंग्रजीत करून दाखवलं, तर शिपाईमामा खिडकीत येऊन उभे राहिले. मीही त्या दिवशी उठून तीन वाक्यं बोलले, आणि बोलल्यानंतर माझ्या लक्षात आलं की मी बोलले. हे मान्य केलं पाहिजे. पण घंटा झाली तेव्हा पुस्तक बंदच होतं, आणि हे मी रोज वहीच्या मागच्या पानावर नोंदवत होते: आज पुस्तक उघडलं नाही. आज पुस्तक उघडलं नाही.

असे त्यांचे पुष्कळ प्रकार होते. यूट्यूबवरचे स्वयंपाकाचे व्हिडिओ आवाज बंद करून लावायचे आणि काय चाललं आहे ते आम्ही इंग्रजीत सांगायचं. एका मुलाने तांदळाच्या भाकरीचं क्रिकेटसारखं वर्णन केलं. कधी मोबाइल पुढे धरून बोलायला लावायचे. आपण बोललेलं तो अक्षरात लिहितो. त्याने बरोबर लिहिलं तर आपला उच्चार बरोबर. "मोबाइलला कळलं म्हणजे जगाला कळेल," असं ते म्हणत. मग स्वतः बोलले, तर मोबाइलने भलतंच काहीतरी लिहिलं. सरांनी ते बारकाईने वाचलं आणि म्हणाले, "याला अजून शिकावं लागेल." लाइट गेली तर सर वायर गुंडाळता गुंडाळता म्हणत, "आता अंधारात काय ऐकू येतं ते सांगा."

परीक्षा मात्र लेखी होती. शंभर गुणांची, चाळीसला पास. पत्र, अहवाल, सारांश. पत्रात पत्ता कुठे, तारीख कुठे, विषय कसा, याला वेगळे गुण असतात, हे मी दोनदा नापास होऊन शिकले होते. दिवाळीनंतर मी धीर करून म्हटलं, "सर, जुने पेपर सोडवून घ्या ना."

"कशाला? त्यातले प्रश्न तुला आयुष्यात परत कोणी विचारणार नाही."

"परीक्षेत विचारतात, सर."

सर मोठ्याने हसले. मी विनोद केला असं त्यांना खरंच वाटलं. म्हणाले, "बोलता आलं की लिहिता येतंच, लेकरा. पत्ता काय, कोणालाही टाकता येतो." मी खाली बसले. रिक्षातून उतरून घरी चालत जाताना मला रडू आलं, ते दुःखाने नाही. या माणसाला आपलं म्हणणं कसं सांगावं तेच कळत नाही, म्हणून आलं. त्याच आठवड्यात आई म्हणाली, "तुजा मास्तर चांगला हाय का वाईट ते येकदा ठरव. रोज येगळाच सांगतेस."

परीक्षेला दोन महिने उरले तेव्हा आम्ही प्राचार्यांना अर्ज करायचं ठरवलं. माझं अक्षर बरं, म्हणून अर्ज मी लिहिला. सर पाठ्यपुस्तक शिकवत नाहीत, पेपर सोडवून घेत नाहीत, आमचं वर्ष वाया जाईल. सगळ्यांनी सह्या केल्या. एकट्या हर्षलने केली नाही.

"तू पण केटीतच आहेस ना?" मी म्हटलं. "तुलाही पास व्हायचंय ना?"

"व्हायचाय. पण मी सही नाय करत. आतापर्यंत माज्याशी कोण मास्तर येवढा बोललाय? वर्गात मास्तर मला बोलायचे ते भायेर जा म्हणून."

मी अर्ज वहीत घालून ठेवला, पण शिपाईमामांनी सरांना आधीच सांगितलं होतं. तासाला आल्याबरोबर सर म्हणाले, "अर्ज केलाय म्हणे. वाचा बरं." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभी राहून वाचला. सर डोळे मिटून ऐकत होते, सकाळचे मेसेज ऐकत असतील तसे.

वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे खरंय?"

"हो, सर."

"मग इंग्रजीत करा."

मला वाटलं ते टोमणा मारतायत. पण ते खडू घेऊन फळ्याकडे वळले. त्या तासाला आम्ही एकतीस जणांनी मिळून आमच्याच सरांविरुद्धचा अर्ज इंग्रजीत केला आणि सरांनी तो दुरुस्त केला. 'सरांनी पुस्तक कधीच उघडलं नाही' हे वाक्य त्यांनी पुसलं. "कधीच नाही, असं नाही. पावसात लाइट गेली होती तेव्हा एकदा उघडलं होतं. खोटं एक वाक्य असलं की सगळा अर्ज पडतो." मग मोबाइलमध्ये बघून, किती तास झाले आणि त्यात पुस्तक किती वेळा उघडलं, ते त्यांनी स्वतः मोजून दिलं. तिसरा मुद्दा कच्चा आहे म्हणाले, त्याला जोर दिला. शेवटी मला तीनदा मोठ्याने वाचायला लावलं. "प्राचार्यांसमोर मान खाली घालायची नाही. आणि 'एक्झाम' म्हणताना थांबू नकोस. तिथंच तुझा खरा मुद्दा आहे."

मी त्या दिवशी इतकी चिडले होते की काय सांगू. आम्ही त्यांच्यावर तक्रार करत होतो आणि ते त्याचाही तास घेत होते. रागावले असते, ओरडले असते, तर मला बरं वाटलं असतं.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये मी अर्ज वाचला. मान खाली घातली नाही. प्राचार्यांनी चष्मा काढला.

"हे इंग्रजी कोणी करून दिलं?"

"सरांनी, सर."

"कोणत्या?"

"ह्याच."

प्राचार्यांनी कागद परत हातात घेतला, वरपासून खालपर्यंत बघितला. "मग तुमची तक्रार काय आहे?"

पाठ केलेलं सगळं संपलं होतं. तरी माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सर, द एक्झाम इज रिटन."

पुढच्या सोमवारपासून आमचे तास दुसऱ्या मॅडमना दिले गेले. सरांना सत्र संपेपर्यंत दुसरे वर्ग होते, त्यानंतर त्यांना परत बोलावलं नाही. आमच्या वर्गातून जाताना ते एवढंच म्हणाले, "सकाळचं ज्यांना चालू ठेवायचं त्यांनी ठेवा. मी ऐकतोय." हर्षलने ठेवलं. आणखी चारपाच जणांनी आठवडाभर ठेवलं. मी ग्रुपमधून बाहेर पडले. बाहेर पडलं की ग्रुपवर सगळ्यांना दिसतं, तुमचं नाव आणि पुढे 'लेफ्ट'. हे मला आधी माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी नुसतीच गप्प राहिले असते.

मॅडमनी नोट्स दिल्या. आठ पत्रं, पाच अहवाल. मी ते सगळे स्वल्पविरामासकट पाठ केले. चुलीपुढे, ओट्यावर, रिक्षात. त्यातलं एक पत्र परीक्षेत आलं. रस्त्यावरचे दिवे बंद आहेत, नगरपरिषदेला कळवा. मी पत्ता, तारीख, विषय, महोदय, सगळं जिथल्या तिथे लिहिलं. मला त्या पत्राचा अर्थसुद्धा आठवत नव्हता, हात लिहीत होता.

पेपर सुटल्यावर हर्षल गेटवर भेटला. खूश होता.

"मी तर सकाळी बोलतो तसाच लिवला," तो म्हणाला. "गुड मॉर्निंग सर, इन फ्रंट ऑफ मी देअर इज अ पोल बट नो लाइट. मग आमच्या आळीची म्हातारी कशी पडली, तिचं बोंबलाचं टोपलं कसं सांडलं, कुत्रे कसे आले, सगळा लिवला. दोन पानं! सरांना दाखवायला पायजे होता."

"आणि पत्ता? तारीख? विषय?"

"ते कशाला? मी कुठं उभा हाय ते त्याला वाचताना दिसतंय ना."

पेपर तर देऊन झाला होता.

निकाल कॉलेजच्या साइटवर लागला. मला त्रेचाळीस मिळाले. हर्षलला छत्तीस. वडिलांना सांगितलं तर ते "बरा झाला" म्हणाले आणि जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी कंपनीतून आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाले, "ठेकेदाराला सांगितला. पोरगी नाय येत." मी आत जाऊन खूप वेळ तांदूळ निवडत बसले. हर्षलचा तिसऱ्या वर्षाचा प्रवेश गेला. ऑगस्टमध्ये बोटी परत समुद्रात जायला लागल्या, तेव्हा तोही गेला.

मला वाटत होतं की सरांना आपण सांगायला हवं. पास झाले हे सांगायचं होतं, आणि अर्जाबद्दलही काहीतरी बोलायचं होतं. काय, ते नक्की ठरत नव्हतं. त्यांचा नंबर बंद लागत होता. शेवटी एका रविवारी मी बोईसरला त्यांच्या चाळीत गेले. सर नव्हते. त्या दोघा भावांपैकी मोठा दारात कांदा चिरत बसला होता. मी "सर आहेत का" एवढं विचारलं, तर त्याने सुरी खाली ठेवली.

"अरे, आप तो हैंडपंप वाली हैं!"

मी दचकले. आम्ही कधी भेटलो नव्हतो.

"आवाज से पहचाना. सुबह चाय पे हम लोग भी सुनते थे ना. फिर आप बंद हो गईं." मग स्वतःच म्हणाला, "मास्टरजी अब जव्हार की तरफ़ आश्रमशाला में हैं. नया नंबर है. वहाँ नेटवर्क नहीं रहता, इतवार को बाज़ार में उतरते हैं तब लगता है. रिजल्ट के दिन यहीं थे. घंटा भर मोबाइल में देखते रहे. उसमें खाली सीट नंबर लिखा था, नाम किसी का नहीं. आपका क्या हुआ?"

"पास."

"तो बताइए ना उनको. अभी बाज़ार में होंगे." आणि मी नको म्हणायच्या आत त्याने स्वतःच्या फोनवरून लावून माझ्या हातात दिला.

"सर, मी बोलतेय," मी म्हटलं.

"अगं, तू! बोल, लेकरा."

"सर, मी पास झाले. त्रेचाळीस. पण मॅडमच्या नोट्स पाठ करून झाले." दुसरं वाक्य मी घाईघाईने बोलले. ते न सांगणं मला खोटं वाटलं असतं.

"असू दे. निघाली ना केटी? झालं तर मग." मग त्यांचा आवाज चढला. "आणि हर्षल बघ! निकालाच्या दिवशीच त्याचा मेसेज आला, पास झालो म्हणून. एक ओळ पाठ न करता! इथल्या मुख्याध्यापकांना मी तेच सांगितलं. इथं चाळीस लेकरं आहेत दहावीला. त्यांचंही आपण असंच सुरू करणार आहोत. रेंजचं तेवढं बघतोय, टेकडीवर एक जागा सापडलीय."

मी माफी मागायला आले होते. पण टेकडीवर ओळीने उभी केलेली ती चाळीस मुलं माझ्या डोळ्यांपुढे आली आणि मला राहवलं नाही.

"सर, हर्षल नापास झालाय."

पलीकडे बाजाराचा आवाज येत होता. कोणीतरी गाडीची घंटी वाजवत होतं.

"तो तर म्हणाला..."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून म्हणाला असेल, सर. छत्तीस मिळालेत. प्रवेश गेला त्याचा. आता बोटीवर जातो."

"काय लिहिलं होतं त्यानं?"

मी सांगितलं. खांब, म्हातारी, टोपलं, कुत्रे. गुड मॉर्निंग सर. मला वाटलं सर हसतील, नाहीतर वाक्यं बरोबर होती का ते विचारतील. ते दोन्हीही झालं नाही.

"पत्ता, तारीख, विषय," सर हळू म्हणाले. "याला किती असतात?"

"मिळून चार, सर."

"छत्तीस आणि चार," ते म्हणाले, आणि इतका वेळ गप्प राहिले की फोन कट झाला असं वाटून मी "हॅलो, हॅलो" केलं. मोठा भाऊ कांदा चिरायचा थांबून माझ्याकडे बघत होता.

"आहे मी," सर म्हणाले. "पुढची परीक्षा कधी?"

"दिवाळीच्या आधी. फॉर्म अजून भरता येतो."

"त्याची बोट किनाऱ्याला कधी लागते?"

"चार-पाच दिवसांनी येतात, सर."

"मी येतो दांडीला," सर म्हणाले. मग परक्या माणसाकडे काही मागावं तशा आवाजात त्यांनी विचारलं, "जुने पेपर असतील ना गं तुझ्याकडे?"